माती ती माती

पिवळी टेकडी जाऊन वर्ष होत आले होते. तिच्या जागी नऊ मजल्यांच्या दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या, तिसरीचे खांब वर येत होते, आणि सनोबरच्या अंगणात, तुतीच्या झाडाखाली ओल्या गोणपाटांनी झाकलेला एक ढीग, एवढेच त्या टेकडीचे शिल्लक होते. एक तंदूर होईल इतकीच ती माती होती. सनोबर रोज सकाळी तोंड धुण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडी. तंदुराची माती जितकी जुनी तितकी शहाणी, असे तिची आई म्हणे, आणि आईला ते तिच्या आईने सांगितलेले होते. तिघींनीही आपली माती त्या एकाच टेकडीच्या उत्तरेकडच्या कुशीतून खणून आणली होती.

चिनोरक हे पूर्वी राजधानी दुशान्बेपासून दूरचे गाव मानले जाई. दूर म्हणजे रस्ता वाईट. पुढे रस्ता सुधारला आणि गाव जागचे न हलता शहराला जाऊन चिकटले. मग जर्दाळूच्या बागांत चुन्याच्या रेघा आखल्या गेल्या. डोंगरातून उतरलेली कुटुंबे आली, राजधानीत घर न परवडणारे मास्तर आले, रशियात राबणाऱ्या मुलांची अर्धी बांधलेली घरे आली, आणि त्या सर्वांना सकाळी शहरात नेऊन संध्याकाळी परत आणून ओतणाऱ्या पांढऱ्या गाड्या आल्या. गल्लीचे नाव जाऊन तिला आकडा मिळाला. गाई हमरस्त्याने नेण्याला बंदी झाली. इमारतींच्या खिडक्या थेट सनोबरच्या अंगणावर उघडू लागल्या, तेव्हा गुडघ्यापर्यंत सलवार खोचून माती तुडवणे तिला अवघड झाले. तुतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधून तिने जुन्या चादरी टांगल्या. सातव्या मजल्यावरून तरीही दिसतच असे. तिथली एक बाई फोन पुढे धरून तिचे चित्र घेई आणि वरूनच हात हलवी.

विलक्षण गोष्ट अशी की, तंदुरांना मागणी पूर्वी कधी नव्हती एवढी याच काळात वाढली. नव्या घरांना लोखंडी दार जसे लागे तसा अंगणात तंदूरही लागे, मग त्यात नान भाजली जावो की न जावो. लोक सनोबरकडे येत. ती म्हणे, माती नाही. लोक म्हणत, बाहेरून आणा. ती पुन्हा म्हणे, माती नाही. तिची सून ज़ेबो हे दाराआडून ऐके आणि ओठ चावी.

टेकडी कशी गेली हे सनोबर कुणाला सांगत नसे, कारण त्यात तिचा स्वतःचा हात होता. हात म्हणजे खरोखरीचा हात, त्याने केलेली सही.

दावरोन हा गल्लीच्या टोकाला राहणारा ठेकेदार. तो सहा महिन्यांचा असताना त्याची आई विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा सनोबरने आपल्या तंदुराची नान दुधात कुस्करून त्याला जगवले होते. त्याच्या बापाच्या चाळिसाव्याला, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, गल्लीतल्या सगळ्या बायका त्याच्या घरी जेवायला बसल्या. जेवणाचे दस्तरखान पसरले गेले, रोटी मोडली गेली, पहिला घास तोंडात गेला, आणि नेमकी त्याच वेळी दावरोनची बायको लुत्फिया एक कागद घेऊन रांगेतून फिरू लागली. गल्ली डांबरी व्हायची आहे म्हणाली, सगळ्यांची संमती हवी. सनोबर दहा इयत्ता शिकलेली होती. तिला वाचता येत होते. परंतु सुतकाच्या घरी, त्या घराची रोटी तोंडात असताना, त्या घरचा कागद वाचायला मागणे म्हणजे यजमानाला चोर ठरवणे होय. अशी रीत चिनोरकमध्ये नव्हती. सोळा बायकांनी सही केली होती, सतरावी तिने केली. कागदावर डांबराचा उल्लेख नव्हता असे नाही. तो दुसऱ्या पानावर होता. पहिल्या पानावर, टेकडी सपाट करण्यास रहिवाशांची हरकत नाही, असे लिहिलेले होते.

तीन आठवड्यांनी यंत्र आले. सनोबर दावरोनच्या दाराशी गेली तेव्हा तो दोन साहेबांबरोबर नकाशा पाहत उभा होता. तिने काय झाले ते सांगितले, नरमाईनेच सांगितले. त्याने नकाशावरून मान वर न उचलता उत्तर दिले.

“खाला, माती ती माती. तुम्हाला हवीच असेल तर एक ट्रक पाठवतो.”

साहेब हसले. दुसऱ्या दिवशी ट्रक खरोखर आला आणि नदीची काळी, खड्यांची रेती तिच्या दारात आडवी ओतून गेला. तीन दिवस सासूसुना तिच्यावरून चढून-उतरून पाणी आणत होत्या. तिसऱ्या दिवशी सनोबरचा पाय घसरला आणि ती हंड्यासकट गडगडत खाली आली. समोरच्या अर्ध्या बांधलेल्या घराच्या गच्चीवर काम करणारे मजूर तेवढ्यापुरते थांबले आणि मग पुन्हा कामाला लागले.

त्या दिवसापासून तिने दावरोनचा सलाम घेतला नव्हता. ज्या गल्लीत न घेतलेला सलाम लोक बोटांवर मोजतात, त्या गल्लीत हे वर्षभर चालले.

चैत्र उलटला आणि तुतीला फळ धरले, तेव्हा तोच दावरोन एका सकाळी तिच्या दारात उभा राहिला. त्याच्याबरोबर रजब बोबो होते. नवरीचा तंदूर मागायला घरातल्या कर्त्याबरोबर गल्लीतला म्हातारा यावा लागतो, आणि रजब बोबो, पूर्वीचे ट्रॅक्टरवाले, आता गल्लीतले सर्वांत म्हातारे होते. दावरोनच्या मुलाचे लग्न ठरले होते. मुलगी इस्तरावशानची, सात पिढ्या नान भाजणाऱ्या नानवाई घराण्यातली. मुलीच्या आजीने घरदार, दागिना काही विचारले नव्हते. तंदूर कुणाच्या हातचा, एवढेच विचारले होते. दावरोनने सनोबरचे नाव सांगून टाकले होते.

यात त्याचा दुहेरी हिशेब होता, आणि तो सनोबरला दारातच कळला. तंदूर घडवणारी बाई लग्नघरी येऊन पहिला जाळ घालते आणि पहिली रोटी तिला मिळते. सनोबर त्याच्या अंगणात जाऊन जाळ घालताना गल्लीने पाहिली म्हणजे टेकडीचे भांडण मिटले, असे आपोआप होणार होते.

ज़ेबोला वाटले, सासू दार लावून घेईल. सनोबरने दार उघडले, सलाम घेतला, पाहुण्यांना तुतीखालच्या बाजेवर बसवले आणि दस्तरखान पसरायला सांगितले. तिने स्वतःच्या हाताने रोटी मोडली, चार तुकडे केले आणि थोरला तुकडा दावरोनपुढे ठेवला. तो खाऊ लागेपर्यंत ती बोलली नाही.

मग शेजारच्या गोणपाटांकडे न पाहता म्हणाली, “घडवीन. पण माझी माती संपली. माती कुठली घेऊ?”

“माझ्या घरामागं ढीग पडलाय ना मोठा. हवी तेवढी घ्या,” दावरोन घास चावत म्हणाला.

तो ढीग सनोबर जाता-येता पाहत असे. टेकडी कापताना निघालेली उरलीसुरली माती, बांधकामाचा भुगा, भिंतींच्या गिलाव्याचा खरवडलेला चुना, सगळे त्यात वर्षभर पडत आलेले होते.

“तीच घेऊ म्हणतोस? बघ हं. मी चाळणार नाही, निवडणार नाही. जशी तुझ्या अंगणात आहे तशी.”

दावरोनच्या खिशात फोन वाजू लागला होता. “जशी आहे तशी, खाला. माती ती माती.”

“बोबोंच्या देखत सांग. एकदा तंदूर लागला की मग माझ्याकडं यायचं नाही.”

“बोबोंच्या देखत सांगतो,” तो हसला, आणि फोन कानाला लावून उठला. घास अजून त्याच्या गालात होता.

रजब बोबोंनी मात्र चावणे थांबवले होते. त्यांनी सनोबरकडे बराच वेळ पाहिले. मग हातातला तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला, गिळला आणि काठी शोधू लागले.

माती दावरोनच्याच ट्रॉलीतून आली. सनोबरने चिमूट घेऊन जिभेवर ठेवली. मातीची पारख ती नेहमी जिभेनेच करी. डोळा फसतो, बोटे फसतात, जीभ फसत नाही. चुना आधी चावला, मग सिमेंटची राखट कडवट चव आली, आणि ती थुंकणार इतक्यात, अगदी तळाशी, ओळखीची ती पिवळी गोडसर चव लागली. दूरच्या खोलीत कुणी आपले नाव घ्यावे तशी ती लागून गेली. सनोबर थुंकली आणि तोंड धुऊन आली.

मग तिने माती भिजवली आणि पाय रोवले. माती तुडवणे हे गुडघ्यांचे काम नव्हे, टाचांचे आहे. टाच दाबायची, वळवायची, काढायची. वर्तुळाच्या कडेकडून मध्याकडे येत जायचे आणि मध्याला पोचले की पुन्हा कडेला. ज़ेबो मेंढीची लोकर पिंजून मूठमूठ टाकत होती. दुपारपर्यंत सनोबरच्या टाचा लाल झाल्या, संध्याकाळी भेगा पडून त्यांतून रक्त येऊ लागले. ज़ेबोने सरकीचे तेल कोमट करून आणले आणि सासूचे पाय मांडीवर घेतले.

“ओयाजान, हा चुना आहे.”

“मला माहीत आहे.”

“चाळू या. मी चाळते, तुम्ही हातसुद्धा लावू नका.”

“चाळायचं नाही.”

चुन्याची गोष्ट सनोबरला आईने सांगितली होती. चुना तंदुरात गेला की जाळ सोसतो, काही बोलत नाही. तंदूर लाल होतो तरी बोलत नाही. मग कणकेचा ओलावा त्याला मिळतो, आणि पोटात ठेवलेले सगळे तो ओकतो. भिंत फुलते, खपल्या सुटतात, खपलीला चिकटलेली रोटी राखेत जाते. आईने ही गोष्ट टाळावी म्हणून सांगितली होती.

ज़ेबो तेल चोळत राहिली. सात वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली, त्यानंतर दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा उमेद रशियात कामाला गेला. तेव्हापासून ती सासूच्या हाताखाली मातीच्या वळ्या वळायला, फळीने थापटायला, सावलीत वाळवायला शिकली होती. ती सहसा उलट बोलत नसे, म्हणून आता ती बोलली तेव्हा हलक्या आवाजात बोलली तरी ते सनोबरला लागले.

“तुमचं नाव जाईल.”

“नाव कशाचं होतं? मातीचं. माती राहिली नाही, तर नाव ठेवून त्याची भाजी करायची काय?”

“आणि माझं? ते नाव माझ्याकडं यायचं होतं. पलीकडच्या खोऱ्यात चांगली माती आहे म्हणतात. मी गाडी सांगेन, आणेन, चाळेन. लोक येतात दारात रोज. तुम्ही त्यांना नाही म्हणता, मी काही बोलत नाही. पण हे एकदा झालं की माझ्या हातचा तंदूर कोण घेईल? सनोबरची सून, म्हणतील. जिचा फुटला ती.”

सनोबरने पाय ओढून घेतले.

“त्याच्या बापाच्या चाळिसाव्याला मी त्याची रोटी खाल्ली,” ती म्हणाली. “खाल्ल्या मिठाला मी जागले. सही केली. आता त्यानं माझी खाल्ली आहे. त्याला जागू दे.”

पुढचे दिवस अंगणात फक्त फळीचा आवाज होता. मनगटाएवढ्या जाडीच्या वळ्या एकावर एक बसवीत दर दिवशी एक हात उंची चढवायची, आतून दगडाने आणि बाहेरून फळीने ठोकायची, मग ओल्या फडक्याने कड झाकून ठेवायची म्हणजे उद्याची वळी आजच्या वळीला ओळखील. हे सारे सनोबरने एखाद्या नवशिकीला दाखवावे इतक्या काटेकोरपणे केले. लोकर पुरेशी घातली. जाडी कुठे बोटभर कमीजास्त होऊ दिली नाही. दावरोन एकदा येऊन पाहून गेला आणि म्हणाला, वा. सातव्या मजल्यावरची बाई रोज चित्रे घेत होती. इमारतीतल्या आणखी दोन बायका चादरीजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हालाही असाच हवा म्हणाल्या. ज़ेबोने त्यांची नावे विचारून घेतली, पण सासूकडे पाहिले नाही.

वरच्या हातभर उंचीची शेवटची वळी उरली त्या दिवशी सनोबरच्या टाचा इतक्या सुजल्या की तिला उभे राहवेना. ती पांढऱ्या गाडीत बसून शहरात दवाखान्यात गेली. गाडीत डॉक्टरला काय सांगायचे याचा ती विचार करीत होती. तिने सांगितले, घराला चुना लावत होते. परत आली तेव्हा शेवटची वळी बसलेली होती, घोटलेली होती, कड ओल्या फडक्याखाली होती. ज़ेबो चुलीपाशी कांदे चिरत होती.

“बसवलीस?”

“वाळायला वेळ राहिला नव्हता.”

सनोबरने कडेवरून हात फिरवला. काम स्वच्छ होते. तिने सुनेला शाबासकी दिली नाही, कारण या तंदुराला शाबासकी देण्यासारखे काही नव्हते. चाळण भिंतीवर टांगलेली होती, तिच्या जाळीत ओली माती अडकलेली होती, आणि तुतीखालच्या गोणपाटाची एक बाजू उचलून पुन्हा नीट खोवलेली होती. थकलेल्या डोळ्यांना यातले काही दिसले नाही.

निकाहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली रोटी होती. दावरोनच्या फरसबंद अंगणात तंदूर बसवून त्याच्याभोवती ओटा बांधला होता, ओट्याला निळ्या फरश्या लावल्या होत्या. तीन कढयांत पुलाव शिजत होता. इस्तरावशानहून आलेली नवरीकडची चाळीस माणसे गाद्यांवर बसली होती. त्यांच्या पुढे नवरीची आजी, पांढऱ्या रुमालातली, ताठ, हात मांडीवर ठेवून. गल्ली सगळी होती. मागच्या इमारतींच्या खिडक्यांतही माणसे होती.

सनोबर ज़ेबोच्या खांद्यावर हात ठेवून आली. दावरोन पुढे झाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा सलाम केला, आणि तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा घेतला. बायकांमधून एक निःश्वास गेला. लुत्फियाने डोळ्यांना रुमालाचे टोक लावले.

सनोबरने कपाशीच्या काटक्या रचून जाळ घातला. दोन तास ती जाळासमोरून हलली नाही. भिंती आधी काळ्या झाल्या, मग काजळी जळून पांढऱ्या. निखारे मधे ओढून तिने मिठाच्या पाण्याचा वाडगा जवळ घेतला. क्षणभर तिचा हात थांबला. ज़ेबो तिच्या शेजारी होती. तिने सासूकडे पाहिले नाही, वाडग्याकडे पाहिले. सनोबरने ओंजळ भरून पाणी भिंतींवर मारले. चर्र झाले, वाफ उठली. तिने आणखी तीन ओंजळी मारल्या, खालच्या भागाला जास्त.

नवरी, शहनोज़, बाही बांधून पुढे आली. तिचे वय वीस असेल, पण रोटी थापायच्या गोल उशीवर तिने कणीक पसरली त्यावरूनच कळले की हा हात नानवाईचा आहे. बिस्मिल्ला म्हणून ती वाकली आणि वरच्या कडेला पहिली रोटी थापली. मग दुसरी, तिसरी, चौथी. रोट्या चिकटल्या, फुगल्या, त्यांवर तांबूस डाग उमटू लागले. दावरोन व्याह्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दोघे हसले.

सनोबरला कळेना. तिने वाकून आत पाहिले. वरच्या कडेला एक ओरखडा नव्हता. तिने हळूच मान वळवली. ज़ेबोचे गाल जाळाने तापले होते, की आणखी कशाने, ते सांगता आले नसते.

“चाळलीस?” सनोबर ओठ न हलवता म्हणाली.

“तेवढीच,” ज़ेबो म्हणाली. “जुनीतल्या दोन पाट्या मिसळल्या. वरची वळी माझी आहे, ओयाजान.”

सनोबर काही बोलणार तोच नवरीने खालच्या भागात पाचवी रोटी थापली. आतून एक बारीक आवाज आला, लाही फुटावी तसा. मग दुसरा. नवरी सहावी थापून सरळ झाली होती. ती पुन्हा वाकली. पाचवी रोटी भिंतीची तळहाताएवढी खपली पाठीला घेऊन सावकाश सुटली आणि निखाऱ्यांत पालथी पडली. तिच्यामागून सहावी. मग लाह्यांसारखे आवाज एकसारखे येऊ लागले आणि तंदुराची सबंध खालची भिंत सोलत खाली आली. राखेचा लोट नवरीच्या तोंडावर उठला.

चिनोरकमध्ये रस्त्यात पडलेला रोटीचा तुकडासुद्धा माणसे उचलून कपाळाला लावतात आणि भिंतीच्या कोनाड्यात ठेवतात. नवरीच्या पहिल्या भाजणीतली रोटी राखेत गेलेली त्या अंगणातल्या कुणीही पाहिली नव्हती. कढयांपाशी ढवळणारा माणूस झारा हातात धरून उभा राहिला.

“म्हातारे,” दावरोन म्हणाला. “हे काय केलंस तू?”

“तू सांगितलंस ते,” सनोबर म्हणाली. “तुझ्या अंगणातली माती, जशी होती तशी. मी विचारलं होतं. माझी रोटी तुझ्या तोंडात होती तेव्हा विचारलं होतं, जसं तुझ्या बायकोनं मला विचारलं होतं.”

“खोटं बोलते ही. सूड घेते. टेकडीचा...” तो थांबला, कारण तो शब्द त्याने व्याह्यांसमोर स्वतःच उच्चारला होता.

“कसली टेकडी?” नवरीच्या आजीने विचारले.

उत्तर रजब बोबोंनी दिले. ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते आणि उठले नाहीत. त्यांनी चाळिसाव्याचे दस्तरखान सांगितले, कागद सांगितला, दोन्ही पाने सांगितली. दारात ओतलेली रेती सांगितली. मग तुतीखालची सकाळ. “तिनं तीनदा विचारलं,” ते म्हणाले. “हा तीनदा हो म्हणाला. शब्दसुद्धा सांगतो. माती ती माती, म्हणाला.” बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, आमचीही सही घेतली. मग दुसरी म्हणाली, माझीही. लुत्फिया आत निघून गेली.

आजी उठून तंदुराशी आली. तिने जळती काटकी आत धरून भिंत पाहिली, खपलीचा एक तुकडा उचलून नखाने खरवडला, आणि शेवटी वरच्या कडेवरून, अजून तापलेल्या, बोट फिरवले.

“खाली कुणाचा हात आहे?”

“माझा,” सनोबर म्हणाली.

“आणि वर?”

सनोबरने सुनेकडे पाहिले. उत्तर द्यायला तिला मघाशी पाण्याची ओंजळ मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. “हिचा. मी घरी नव्हते.”

आजीने ज़ेबोला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि मान हलवली, जणू काही लिहून घेतले. मग ती दावरोनकडे वळली.

“मुलगी तुला दिली, ती परत नेत नाही. ती आमची रीत नाही. पण जो रोटीच्या आडून सही घेतो त्याच्या घरची रोटी आम्ही मोडत नाही.”

ती चपला घालू लागली. चाळीस माणसे उठली. गाद्यांवर पसरलेल्या दस्तरखानावर नान, मनुका, बदाम, खडीसाखर, सगळे जसेच्या तसे होते. दावरोन व्याह्याचा हात धरायला गेला. व्याह्याने हात छातीवर ठेवून मान लववली आणि मागे सरकला. दाराबाहेर दोन पांढऱ्या गाड्या सुरू झाल्या. मग गल्लीतली माणसे एकेक करून उठली, सगळी काहीतरी काम आठवल्यासारखी. कढयांखालचा जाळ कुणी काढला नाही आणि पुलाव तळाशी लागल्याचा वास अंगणभर पसरला.

दावरोन निळ्या फरशीवर बसला होता. सनोबरने त्याच्याकडे पोटभर पाहिले. वर्षभर तिने या क्षणाची पुष्कळ रूपे मनाशी मांडली होती. त्या कोणत्याही रूपात तो इतका लहान झालेला नव्हता. तिला त्याची दया येते की काय, हे तिने स्वतःशी तपासून पाहिले. येत नव्हती.

ती जायला वळली, तेव्हा नवरी समोर उभी होती. तोंडावर राख, बाही जळलेली, आणि दोन्ही हातांवर पाचवी रोटी. ती तिने निखाऱ्यांतून काढली होती, झटकली नव्हती. खपली अजून तिच्या पाठीला होती.

“पहिली रोटी घडवणारीची, खाला,” शहनोज़ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणीही नव्हती. “वरच्या चार तुमच्या सुनेच्या. ही तुमची.”

ज़ेबोने हात पुढे केला, बहुधा रोटी आपण घेऊन टाकावी म्हणून. सनोबरने तो बाजूला सारला. तिने रोटी घेतली, कपाळाला लावली, मोडली आणि तिथेच उभी राहून खाऊ लागली. एक बाजू कोळसा झाली होती, दुसरी कच्ची होती. राखेने घसा कोरडा पडला. खपली दातांखाली करकरली, चुना जिभेला चावला, पण ती थुंकली नाही. चावत राहिली, जोवर चुना गेला, सिमेंट गेले, आणि सगळ्यांच्या तळाशी ती पिवळी गोडसर चव आली. तेव्हा तिने डोळे मिटले, गिळले, आणि दुसरा तुकडा मोडला.